बाजारातील तुरी

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला अमेरिकन फुटबॉलची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. तथापि दरवर्षी एप्रिल महिन्यात त्या देशात जो वाद माजतो, त्याचे याहून नेमके वर्णन आमच्या तरी ऐकिवात नाही. हा फुटबॉल म्हणजे कलकत्त्याच्या मैदानावर पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावावयाचे, फेकावयाचे आणि अंगावर येणाऱ्या प्रतिपक्षाला टक्कर देत पुढे सरकावयाचे, असा तो प्रकार आहे. विद्यापीठांतून तयार झालेले खेळाडू व्यावसायिक क्लबांनी आपसांत वाटून घेण्याच्या समारंभास 'ड्राफ्ट' म्हणतात. कोणता तरुण कोणत्या क्लबाच्या वाट्याला येईल आणि तो पुढे काय दिवे लावील, यावर महिनोन्‌महिने भाकिते छापली जातात, ऐकविली जातात, आणि त्यांवरून मित्रामित्रांत अबोलाही धरला जातो. एकही सामना झालेला नसतो, एकही चेंडू फेकला गेलेला नसतो. आणि तरीही हरलेजिंकल्याचा आवेश मात्र पुरेपूर असतो.

हा प्रकार निर्माण झाला तो मात्र गंमत म्हणून नव्हे, तर निकडीतून. व्यावसायिक फुटबॉलचा संघ १९२० साली ओहायो राज्यातील कँटन या गावी, एका मोटारविक्रेत्याच्या दुकानात स्थापन झाला. पुढील पंधरा वर्षांत शिकागो, ग्रीन बे, न्यूयॉर्क असे थोडे क्लब बलाढ्य झाले व उरलेले त्यांच्या हातून मार खाण्यापुरतेच उरले. उत्तम खेळाडू अर्थातच जिंकणाऱ्यांकडे व पैसेवाल्यांकडे जात. फिलाडेल्फियाच्या ईगल्स क्लबाचे बर्ट बेल हे या हरणाऱ्यांपैकी एक होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूसाठी त्यांनी बरीच खटपट केली, परंतु तो ब्रुकलिनच्या क्लबाने नेला. तेव्हा १९३५ च्या मे महिन्यात बेल यांनी आपल्या सहकारी मालकांपुढे एक सूचना मांडली. ती अशी, की नवे खेळाडू क्लबांनी पाळीपाळीने निवडावेत, आणि गेल्या वर्षी जो सर्वांत खाली राहिला त्याला पहिली पाळी मिळावी. नवल असे की बलाढ्य क्लबांच्या मालकांनीही ती मान्य केली. निकाल आधीच ठरलेला सामना पाहावयास कोणी तिकीट काढीत नाही, हे त्यांना उमगले होते.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. फळ्यावर ९० नावे लिहिली होती, क्लब ९ होते आणि फेऱ्याही ९. अशा रीतीने ८१ तरुणांची वाटणी झाली. त्यांपैकी बहुतेकांना ही वार्ता मागाहून कळली असावी. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. पुढे 'हाइझमन' या नावाने विख्यात झालेले पारितोषिक १९३५ साली त्यालाच प्रथम मिळाले होते. बेल यांनी त्याला निवडले, परंतु त्याची मागणी न झेपल्यामुळे त्याचे हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकले. बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांच्यापुढे बर्वँगरने दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले. सौदा फिसकटला, आणि त्या मुलाने व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता रबराच्या धंद्याची वाट धरली. पहिल्याच ड्राफ्टमधील पहिलेच नाव असे कोरे राहिले. ज्यांनी ही योजना काढली त्या बेल यांच्या ईगल्सने १९३६ च्या हंगामात १२ पैकी ११ सामने गमावले. भाकितांच्या इतिहासाचा श्रीगणेशा हा असा झाला.

येथे समालोचनाकडे वळावे लागते, कारण ही दोन भावंडे पुढे एकत्रच वाढली. फुटबॉलचा सामना नभोवाणीवरून प्रथम ऐकविला गेला तो ८ ऑक्टोबर १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केंद्रावरून. श्रोत्याला काहीच दिसत नसल्यामुळे समालोचकाचा शब्द हाच त्याचा डोळा झाला. आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणाऱ्याला फसविणे फार कठीण नसते. बिल स्टर्न नावाचे एक प्रख्यात समालोचक होते. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे नाव चुकले असे मध्येच ध्यानात आले, की ते बिनदिक्कत सांगत, 'आता त्याने चेंडू बाजूच्या गड्याकडे दिला आहे', आणि खऱ्या खेळाडूचे नाव घेऊन मोकळे होत. मैदानावर न झालेली देवघेव अशा रीतीने लक्षावधी श्रोत्यांनी ऐकली. १९४७ साली क्लेम मॅकार्थी या समालोचकाने प्रीकनेस या मोठ्या शर्यतीत 'फॉल्टलेस' हा घोडा जिंकला असता 'जेट पायलट' जिंकल्याचे सांगून टाकले. स्टर्न यांनी त्यावरून चेष्टा केली तेव्हा मॅकार्थी उत्तरले म्हणे, की घोड्याला बाजूच्या घोड्याकडे चेंडू देता येत नाही! पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तरुणपणी आयोवा राज्यातील एका नभोवाणी केंद्रावर तारेने आलेल्या मजकुरावरून बेसबॉलचे वर्णन करीत. एकदा तार तुटली तेव्हा आपण सहाएक मिनिटे फलंदाजाला नुसतेच वाकडेतिकडे फटके मारावयास लावले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. 'पडलो तरी नाक वर' हा समालोचकाच्या धंद्याचा जुना नियमच दिसतो.

दूरचित्रवाणी आल्यावर प्रेक्षकाला स्वतःचे डोळे परत मिळाले. मग समालोचकाचे काम संपावयास नको होते काय? या प्रश्नाचे उत्तर १९८० साली दोन निरनिराळ्या प्रयोगांनी मिळाले. २९ एप्रिल १९८० रोजी, मंगळवारी सकाळी, ई.एस.पी.एन. या नव्या वाहिनीने न्यूयॉर्कच्या शेरेटन हॉटेलातील ड्राफ्ट प्रथमच प्रक्षेपित केला. एक मनुष्य व्यासपीठावर येऊन नावे वाचणार, हे पाहणार तरी कोण, असा विस्मय खुद्द फुटबॉलसंघाचे आयुक्त पीट रोझेल यांना वाटला होता. त्याच वर्षी २० डिसेंबरला एन.बी.सी.ने मायामी येथील एक सामना समालोचनाविना दाखविला. गर्दीचा कोलाहल, पंचांच्या शिट्ट्या आणि पडद्यावरील आकडे, बस्स. न्यूयॉर्क जेट्सनी तो २४-१७ असा जिंकला. एप्रिलमध्ये खेळाविना बडबड आणि डिसेंबरात बडबडीविना खेळ, असे हे दोन प्रयोग. त्यांपैकी दुसरा पुन्हा झाला नाही, आणि पहिला वाढत वाढत असा झाला की २०२४ साली डेट्रॉइट शहरात तीन दिवसांत सात लाखांहून अधिक लोक त्याला लोटले. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की प्रेक्षकाला केवळ खेळ नको असतो; त्यावर वाद घालण्यास कोणीतरी हवा असतो.

असा वाद घालण्याचा धंदाच ज्यांनी उभारला त्यांत बाल्टिमोरचे मेल काइपर हे अग्रगण्य होत. १९८४ पासून ते ई.एस.पी.एन.वर प्रत्येक निवडीचे गुणदोष सांगू लागले. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये इंडियानापोलिसच्या कोल्ट्स क्लबाने पाचव्या स्थानी ट्रेव्ह अल्बर्ट्स हा बचावपटू घेतला. ट्रेंट डिल्फर हा क्वार्टरबॅक सोडून अल्बर्ट्सला घेणे हा शुद्ध मूर्खपणा होय, असे काइपर यांनी तेथल्या तेथे बजाविले. कोल्ट्सचे व्यवस्थापक बिल टोबिन संतापून कॅमेऱ्यापुढेच म्हणाले, की हा मनुष्य आहे तरी कोण? आपला शेजारी टपालवाला आहे, त्याच्याहून याची पात्रता काही अधिक नाही! आता या तंट्याचा निकाल पाहावा. अल्बर्ट्स दुखापतींनी जर्जर होऊन तीन हंगामांत निवृत्त झाला, म्हणजे टोबिन चुकले. ज्या टँपा बे क्लबाने डिल्फरला घेतले तेथे त्याचीही फारशी चमक दिसली नाही. मात्र २००१ च्या जानेवारीत बाल्टिमोरच्या संघातून त्याने सुपर बोल जिंकला. तेव्हा काइपर बरोबर होते असे म्हणावे, तर तेही धड जमत नाही. आणि शेवटी काय झाले? अल्बर्ट्स आणि डिल्फर हे दोघेही पुढे ई.एस.पी.एन.वरच विश्लेषक म्हणून बसले!

पुढील प्रसंग वाचकांस अधिक परिचित असतील. १९९८ साली पेटन मॅनिंग श्रेष्ठ की रायन लीफ, या प्रश्नावर तज्ज्ञांत दोन तट पडले होते. मॅनिंग पाच वेळा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. लीफची अवघी कारकीर्द २५ सामन्यांत आटोपली. २००० साली टॉम ब्रेडी याच्याआधी १९८ नावे पुकारली गेली, त्यांत सहा क्वार्टरबॅक होते. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असे आपण म्हणतो खरे. पण पाळण्याभोवती जमलेल्या मंडळींना ते दिसतातच असे नाही.

आणि न दिसण्याचे कारण नेहमी दृष्टिदोषच असते असेही नाही. १९३६ च्या त्या फळ्यावर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव नव्हते. त्या काळी संघाचे दरवाजेच त्यांना बंद होते. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणजे जॉर्ज टॅलियाफेरो, आणि ते वर्ष १९४९. दरवाजे उघडल्यावरही चौकात उभे राहून संघाची सूत्रे हलविण्याचे क्वार्टरबॅकचे काम यांना झेपणार नाही, ही समजूत दीर्घकाळ टिकली. वॉरन मून हा १९७८ च्या रोझ बोल सामन्याचा मानकरी होता. परंतु क्लबांचा रोख ओळखून तो आधीच कॅनडातील एडमंटनला निघून गेला, आणि ड्राफ्टच्या बारा फेऱ्यांत त्याचे नाव कोणीही घेतले नाही. तेथे त्याने लागोपाठ पाच वेळा ग्रे कप जिंकला, परत येऊन अमेरिकेतही गाजला, व २००६ साली मानाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये विराजमान झाला. १९९९ साली डॉनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारले गेले तेव्हा फिलाडेल्फियाहून मुद्दाम आलेल्या तीसएक शौकिनांनी त्याची हुर्यो उडविली. त्यांना रिकी विल्यम्स हवा होता. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सच्या क्लबाने त्या वर्षीच्या आपल्या सर्व निवडी देऊन टाकल्या आणि त्या हंगामात १६ पैकी १३ सामने गमावले. मॅकनॅबने आपल्या संघाला सुपर बोलपर्यंत नेले. त्याआधी २००३ साली रश लिंबो या समालोचकाने म्हटले, की कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी पत्रकारांची इच्छा असल्यामुळेच मॅकनॅबला इतके श्रेय मिळते. काही दिवसांतच त्याला ते स्थान सोडावे लागले. नाव चुकणे ही समालोचकाची क्षम्य चूक होय. माणूसच न दिसणे ही नव्हे.

हरणाऱ्याला न्याय देणाऱ्या या पद्धतीत खेळाडूला काय न्याय मिळतो, हा प्रश्नही न्यायालयात गेला. १९६८ साली वॉशिंग्टनने निवडलेला जेम्स स्मिथ पहिल्याच हंगामाच्या अखेरीस मानेच्या दुखापतीने कायमचा बाद झाला. एकाच क्लबाशी बोलणी करण्याची सक्ती नसती तर आपणास अधिक रक्कम व संरक्षण मिळाले असते, असा त्याचा दावा होता. १९७८ साली अपील न्यायालयाने तेव्हाचा ड्राफ्ट स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा ठरविला. परंतु तत्पूर्वीच, १९७७ साली, खेळाडूंच्या संघटनेशी करार होऊन तो पुन्हा वैध झाला होता. बदलीच्या आदेशात आपल्या नावापुढे कोणते गाव पडले आहे, हे पाहण्यासाठी ज्यांनी धडधडत्या अंतःकरणाने कागद उलटला आहे, त्या आमच्या वाचकांना या बावीस वर्षांच्या मुलांची अवस्था निराळी समजावून सांगावयास नको. आपल्या बदलीवर निदान चौकात पैजा लागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

दूर कशाला जावे? आय.पी.एल.च्या पहिल्या वर्षी, २००८ साली, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची वाटणी अशाच ड्राफ्टने झाली. दिल्लीच्या संघाने दिल्लीच्याच विराट कोहलीला सोडून प्रदीप संगवान हा गोलंदाज पसंत केला. कोहली बंगलोरला गेला तो तेथलाच झाला. निवडीच्या दिवशी त्यांना गोलंदाजाची गरज होती, आणि ते कारण मुळीच मूर्खपणाचे नव्हते.

केड मॅसी व रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे सारे मोजून दाखविले आहे. आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यामागून निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने ५२ टक्के आहे. म्हणजे नाणे उडविण्यापेक्षा दोन टक्के अधिक. तरीही २०२५ साली पहिल्या फेरीत जाणार म्हणून गाजलेला शेड्यूर सँडर्स १४४ व्या स्थानापर्यंत घसरला तेव्हा तज्ज्ञांनी स्वतःच्या भाकिताला नव्हे, क्लबांनाच दोष दिला. भाकितांचे लेखापरीक्षण कोणी करीत नाही. पुढचा एप्रिल येतो, जुनी पाने आपोआप निकालात निघतात.

असे असूनही त्या शौकिनांचा उपहास करावा असे आम्हास वाटत नाही. वर्षभर हरलेल्या गावाच्या नशिबी सर्वांच्या पुढे उभे राहण्याचा तेवढाच एक दिवस असतो. त्या दिवशी प्रत्येक तरुण उद्याचा ब्रेडी असतो, आणि तुरी अजून बाजारातच असतात. त्यांनी अवश्य भांडावे. मात्र ज्याच्या नावावरून हे भांडण चालते तो मुलगा कोठेतरी आईवडिलांच्या शेजारी बसून ते ऐकत असतो, याचे स्मरण ठेवावे. आणि निकाल देण्यापूर्वी टोबिन यांच्या शेजारच्या त्या टपालवाल्याचेही मत घ्यावे. तोही साधारणतः निम्म्या वेळा बरोबर ठरला असता.