धोंडीचा बेडूक

महाबळेश्वरच्या एका रातबेडकाला १९५५ साली मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचं नाव देण्यात आलं. हा बेडूक सह्याद्रीबाहेर जगात कुठेच आढळत नाही. ओढ्यावर झुकलेल्या पानांवर त्याची मादी अंडी घालते आणि बाहेर पडलेली पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. बेटावर अडकल्यासारखं त्याचं सगळं आयुष्य ओल्या दऱ्यांपुरतं आहे. मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र असा बेडूक असणं शक्यच नाही. बालाघाटाच्या पाठीवरचा हा मुलूख पर्जन्यछायेतला; इथले ओढे उन्हाळ्यात नावापुरते उरतात. मग बेडकाचा इतिहास इथं शोधायचा कशाला, असं कुणीही विचारेल. माझं म्हणणं असं, की बेडूक माणसाच्या रीतिभातीत शिरला तो दुर्मीळ म्हणून नव्हे, तर पावसाची वाट पाहणाऱ्यांच्या सोबत राहणारा म्हणून. धोंडीची प्रथा हा त्याचा पुरावा.

मृग कोरडा गेला, आर्द्राचीही तीच गत दिसू लागली, की मराठवाड्यातल्या गावांत धोंडी निघत आली आहे. मुसळाला किंवा काठीला बेडूक बांधायचा, वर कडुलिंबाचा पाला लावायचा आणि खांद्यावर घेऊन दारोदार हिंडायचं. घरोघरच्या बायका त्यावर पाणी ओततात, धान्य किंवा पीठ घालतात. पाण्याशी नातं तर माशाचंही आहे, मग बेडूकच का? कारण कोरडवाहू रानात बेडूक वर्षातले कितीतरी महिने दिसतच नाही. मागच्या पायांनी माती उकरत उलटा खाली जाणारा बेडूक जमिनीतच दडी मारून राहतो. पहिल्या मोठ्या पावसात तो वर येतो. डबक्यांत मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. वर्षभर गप्प राहून पर्जन्याबरोबर बोलू लागणाऱ्या बेडकांचं वर्णन ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तातही आहे. म्हणजे हे निरीक्षण फार जुनं. धोंडीने त्यात कार्यकारण उलटं केलं, हे खरं. पाऊस बेडकाला आणतो, बेडूक पावसाला नाही. पण चुकीचा निष्कर्षसुद्धा नीट पाहिलेल्या गोष्टीवर उभा असू शकतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. तेलंगणात, कर्नाटकात अशा प्रथा आहेत हे माझ्या बाजूचंच. पण पावसाला तोटा नसलेल्या आसामातही बेडकाचं लग्न लावतात. मग दुष्काळी मुलखाचा संबंध काय? मात्र तिथंही ते लग्न निघतं पाऊस लांबल्यावरच. मुद्दा वर्षाला किती मिलिमीटर पडतो हा नाही. पेरणी अडून राहण्याचा आहे. आसामात ती वेळ कधीमधी येत असेल, धाराशिवने ती पुन्हा पुन्हा पाहिली. १९७२चा दुष्काळ अजून बोलण्यात येतो, आणि २०१५-१६ तर कालपरवाचा. दुसरा आक्षेप क्रौर्याचा. तो मला पूर्ण मान्य आहे. बांधलेल्या बेडकाचे हाल होतात आणि जुनेपणाने ते माफ होत नाहीत.

परंतु बेडकाचा खरा संहार धोंडीने केला नाही. परकीय चलनासाठी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात टनांनी होत होती. ज्यांचं नाव त्या दुर्मीळ रातबेडकाला मिळालं, त्याच अब्दुलअलींनी १९८५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या व्यापारावर सविस्तर लिहिलं. विषय होता शेतातला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला, किडे खाणारा मोठा बेडूक. १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. आजचं संकट जास्त मुकाट आहे. बांधाकडेचं उथळ, मासे नसलेलं डबकं हीच बेडूकपिल्लांची जागा, आणि नेमकी तीच सपाटीकरणात जाते. प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं तिची भरपाई करत नाही. त्याच्या निसरड्या उतारावरून बाहेर पडणं लहान जिवाला अवघड.

तेव्हा धोंडी काढायचीच असेल तर मुसळाला मातीचा बेडूक बांधावा. आणि पाऊस आलाच, तर बांधाकडेच्या डबक्यात निदान पिल्लांना पाय फुटेपर्यंत मुरूम टाकू नये.