बीएमएक्स सायकल शर्यत आणि मारियाना पाहोन यांची कारकीर्द : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आपल्याकडील क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुतांशी क्रिकेट, कुस्ती व हॉकी यांभोवतीच फिरत राहिले. सायकलीकडे मात्र प्रवासाचे साधन म्हणूनच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात बीएमएक्स या शर्यतीचा उदय आणि कोलंबियाच्या मारियाना पाहोन यांची कारकीर्द यांचा आढावा घेतला असून, अशी कारकीर्द कोणत्या परिस्थितीत घडते या प्रश्नाचा लोटे परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

खेळाचा उदय

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले मोटारसायकल शर्यतींचे अनुकरण करीत २० इंची चाकांच्या सायकली मातीच्या चढउतारांवरून पळवू लागली. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटाने या खेळाला प्रसिद्धी दिली. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये या शर्यतीस स्थान मिळाले. सुमारे ४०० मीटरच्या मार्गावर आठ स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि ४० सेकंदांच्या आसपास निकाल लागतो. पोरखेळ मानली गेलेली गोष्ट चार दशकांत ऑलिंपिकपर्यंत पोहोचली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पाहोन यांची कारकीर्द

मारियाना पाहोन यांचा जन्म १० ऑक्टोबर १९९१ रोजी मेडेयिन येथे झाला. त्या काळी हे शहर अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हिंसाचाराने होरपळत होते. बीएमएक्समध्ये अगदी लहान मुलांसाठीही वयोगटानुसार स्पर्धा असतात. त्यामुळे त्यांचा स्पर्धात्मक प्रवास बालवयातच सुरू झाला. २०११, २०१४ व २०१६ मध्ये त्या वरिष्ठ गटात जगज्जेत्या ठरल्या. पैकी २०१६ ची स्पर्धा मेडेयिन येथेच झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील त्यांचे सुवर्णपदक हे त्या स्पर्धेतील कोलंबियाचे एकमेव सुवर्णपदक होते. २०१६ मध्ये रिओ येथे त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळविले आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या त्या पहिल्या कोलंबियन खेळाडू ठरल्या. २०१८ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली; तरीही २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक पटकावले.

भारतीय व स्थानिक संदर्भ

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील भारतीय सायकल संघात होमी पावरी, रुसी मुल्ला फिरोझ यांच्यासारखे पारशी खेळाडू होते. मात्र १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर २०२४ पर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरू शकला नाही. महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीने घाटरस्त्यांची परंपरा जोपासली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. परंतु या सुविधा मोठ्या शहरांलगत एकवटल्या.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान आहे. येथील कामगारांच्या मुलांनी महामार्गावर सायकलीचा सराव करणे धोक्याचे आहे. बीएमएक्सचा मार्ग मात्र बंदिस्त आणि आखूड असतो. त्यासाठी एखादे मध्यम आकाराचे मैदान पुरते. कोकणच्या मुसळधार पावसात मातीचे उंचवटे वाहून जाणार, हा आक्षेप रास्त आहे. पण आधुनिक मार्गांवरील वळणे डांबरी असतात, उंचवट्यांची डागडुजी पावसाळ्यानंतर करता येते आणि पाण्याचा निचरा होण्यास येथील उतार साहाय्यभूतच ठरेल.

निष्कर्ष

पाहोन यांचे यश केवळ जन्मजात गुणांचे फलित नाही. जवळचा सरावमार्ग, वयोगटानुसार नियमित स्पर्धा आणि आंतरराष्ट्रीय मान्यता या तीन पायऱ्या त्यांना क्रमाने उपलब्ध झाल्या. यांतील तिसरी पायरी बीएमएक्सला आता लाभलेली आहे. पहिल्या दोन स्थानिक पातळीवरच उभाराव्या लागतात. ग्रामपंचायत, उद्योग व महाविद्यालये यांनी एकत्र येऊन त्या उभारल्या नाहीत, तर औद्योगिक वसाहतीत वाढणाऱ्या मुलांमधील गुणवत्ता कधी अजमावलीच जाणार नाही.