कार्बोलिक, मळी आणि दोन साथी

१/ मार्च २०२० मध्ये सॅनिटायझरची टंचाई भासू लागली, तेव्हा साखर कारखान्यांच्या आसवनींना ते तयार करण्याची मुभा मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यातही उसाच्या मळीपासून काढलेले अल्कोहोल बाटल्यांत भरले जाऊ लागले. जंतुनाशकावर एवढी भिस्त आपण पूर्वीही एकदा ठेवली होती.

२/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या काळचे नावाजलेले जंतुनाशक म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे कार्बोलिक आम्ल. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांवर ते वापरून शस्त्रक्रियेचे रूपच पालटले होते.

३/ तेच आम्ल मुंबईच्या घरांत आणि गटारांत ओतले गेले. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरांत शिरले, जंतुनाशकांनी घरे धुतली, सामान जाळले. हा संताप २२ जूनच्या रात्री रँडवरील गोळीबारापर्यंत पोहोचला.

४/ कार्बोलिक जंतू मारीत होते, यात शंका नाही. पण प्लेग मुख्यतः भिंतींतून येत नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले की, उंदरावरील पिसू हा रोग पसरवते. हे सर्वमान्य होण्यास पुढे काही वर्षे गेली.

५/ १८९१ पासून मिरजेशी रेल्वेने जोडलेल्या कोल्हापुरालाही प्लेगने गाठले. राजर्षी शाहूंच्या दरबाराने लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. पिसवेचे रहस्य सर्वांना उमगलेले नसतानाही उंदरांनी भरलेले घर सोडणे हा उपाय योग्य दिशेचा होता.

६/ करोनाच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते. अल्कोहोल ते विरघळवते. सोबत थोडे पाणी असल्यास प्रथिने अधिक चांगली मोडतात. म्हणूनच शुद्ध अल्कोहोलपेक्षा सुमारे ६० ते ८० टक्क्यांचे मिश्रण हातांसाठी सरस ठरते.

७/ तरीही २०२० मध्ये काही ठिकाणी माणसांवरच सोडियम हायपोक्लोराइट फवारले गेले. १८ एप्रिल रोजी आरोग्य मंत्रालयाला त्याविरुद्ध सूचना काढावी लागली. हवेतून श्वासावाटे येणारा विषाणू कपडे भिजवून थांबत नाही.

८/ लिस्टर यांचे कार्बोलिक जखमेवर उपयोगी पडले, कारण जंतू त्याच वाटेने शरीरात शिरत होते. पुण्यात मात्र वाट न ओळखताच घरे धुतली गेली. तिथे प्लेग थांबला नाही आणि लोकांचा विश्वासही उरला नाही.