फुलांची पट्टी कोणाच्या नावावर

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली ती 12 एप्रिल 1867 रोजी. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांना शहर जवळ आलं ते त्या रुळांमुळे. केळी, विड्याची पानं, भाजी, फुलं सगळं गाडीनेच जायचं. आमच्या घरचा सोनचाफा आणि मोगरा दादरला जात असे. आई उजाडण्याआधी खुडणी करायची, फुलं केळीच्या पानात बांधून वर ओलं फडकं घालायची आणि बाबा पाटी घेऊन स्टेशन गाठायचे.

दादरला आडत्या होता. माल त्याच्याकडे टाकायचा आणि त्याने दिलेली पट्टी घरी आणायची. बोटभर रुंदीच्या त्या कागदावर किती माल, काय भाव, त्यातून आडत, हमाली आणि घेतलेली उचल वजा जाऊन हातात किती, एवढं लिहिलेलं असे. वर नाव बाबांचं. खुडणी आईची, पण तिचं नाव कुठल्याच पट्टीवर मी पाहिलं नाही.

आईचा पैसा वेगळा होता. उरलेली फुलं आणि परसातली भाजी घेऊन ती स्वतः बाजारात बसायची. तो रोकडा कनवटीला लागायचा आणि त्याचा हिशोब तिला कुणी विचारत नसे. आमच्या वह्या, औषधं, सणाची साडी त्यातूनच आली.

सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवायला वसईत 1918 साली सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. अशा संस्थांत कर्ज मिळायचं ते जामिनावर. गावातल्या दोघांनी सांगायचं, हा माणूस फेडेल. बाईची मिळकत कागदावर नसली, तरी तिची पाटी रोज बाजारात जाते हे अख्ख्या आळीला ठाऊक असे.

एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. सुट्ट्या पैशांची चणचण सोसलेल्या बाजारात मग क्यूआरचे चौकोन दिसू लागले. आज भाजीवाल्या मावशीच्या पाटीला टेकवलेला ठोकळा बोलतो, 'चाळीस रुपये प्राप्त झाले.' मावशी मान डोलावते, जुडी देते. सोय खरीच मोठी आहे. खोट्या नोटेची भीती गेली, सुट्ट्याची कटकट गेली. पण ते चाळीस रुपये गेले कुठे, हे मी बाजारात बायकांना विचारत असते. फोन मुलाचा, नंबर मुलाचा, खातंही मुलाचंच, असं उत्तर फार वेळा येतं. कनवटीचा पैसा असा घरातल्या घरात हातचा जातो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्यात आता कर्जाचा मामला बदलला आहे. अनेक अॅपवर अर्ज माणूस वाचत नाही. खात्यातली आवकजावक पाहून यंत्रच ठरवतं. वर्षानुवर्षं पाटी लावणारी बाई त्याच्या लेखी बिनकमाईची आणि मुलगा मात्र पतदार. तिच्यासाठी शब्द टाकणारे दोन शेजारी त्या हिशोबात कुठेच नाहीत.

आमच्या वहिनीने गेल्या वर्षी स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घेतलं, जनधनचं पडून राहिलेलं खातं चालू केलं आणि पाटीवरचा क्यूआर बदलून घेतला. घरात दोन दिवस कुरबूर झाली. आता ठिबकच्या नळ्यांसाठी तिला बँकेत जायचंय, आणि पासबुकात दाखवायला तिची स्वतःची आवक आहे.