भट्टींतले राजमुख

मिन्याचें काम म्हणजे दागिन्यांवरील वेलबुट्टी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फ्रान्समधील सोनारांनीं मात्र सतराव्या शतकांत त्याच मिन्यानें माणसांचे चेहरे रंगविले, आणि ही कला परमावधीस नेली ती झां पेतितो यानें. इ. स. १६०७ मध्यें जिनिव्हा येथें जन्मलेला हा कलावंत पंथानें प्रॉटेस्टंट व धंद्यानें सोनार होता.

या कामांत कुंचल्यापेक्षां भट्टीची सत्ता मोठी. सोन्याच्या पातळ पत्र्यावर पांढरा मिना चढवावयाचा. पत्रा वांकूं नये म्हणून पाठीमागेंही त्याचा थर द्यावयाचा. मग धातुभस्मांपासून केलेले रंग भरून तो पुनःपुन्हां भाजावयाचा. लावतांना रंग एक दिसतो, भट्टींतून दुसराच होऊन बाहेर येतो. आणि एकदां भाजलेली चूक पुसतां येत नाहीं. पण साधलें, तर तो चेहरा उन्हानें विटत नाहीं. तैलचित्राला हें भाग्य नाहीं!

इंग्लंडांत पहिल्या चार्ल्सच्या आश्रयास असतांना राजवैद्य मायेर्न याच्या रसायनज्ञानाचा पेतितोला फार उपयोग झाला. यादवी युद्धानें तो आश्रय तुटला. पुढें पॅरिस येथें चौदाव्या लुईच्या पदरीं त्यानें कित्येक वर्षें घालविलीं. केस, वस्त्रें इत्यादि भाग त्याचा साडू व भागीदार जाक बोर्दिए रंगवी; मुखावर हात पेतितोचा. लुईचें मुख तर त्यानें किती वेळां काढलें असेल! हिऱ्यांच्या कोंदणांत बसविलेलीं राजाचीं अशीं लघुचित्रें परराष्ट्रांच्या वकिलांना देण्याची त्या दरबारीं चाल होती.

१६८५ मध्यें लुईनें नान्तचा आज्ञालेख रद्द केला आणि प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य संपुष्टांत आलें. धर्मोपदेशकांना हद्दपारी, इतरांना मात्र देश सोडण्याची बंदी! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पेतितोनें जिनिव्हास जाण्याची परवानगी मागितली. उत्तरादाखल मिळाला तुरुंगवास. जन्मभर ज्याच्या डोळ्यांतील तेज जपून भाजलें, त्याच राजाची ही आज्ञा. अखेर वृद्धानें धर्मत्यागाच्या कागदावर सही केली. तिला दोष देणें सोपें आहे. त्या वयांत कोठडी सोसणें सोपें नव्हे.

सुटका होतांच तो जिनिव्हास परतला. तेथें धर्मसभेपुढें पश्चात्ताप व्यक्त केल्यावर त्याला पुन्हां पंथांत घेतलें गेलें. १६९१ मध्यें व्हेव्हे गांवीं त्याचा अंत झाला.