स्तनाच्या कॅन्सरसाठी आपल्या मोहल्ल्यात मदतगट कसा सुरू करावा? पहिल्या बैठकीपासून नोंदणीपर्यंत

आंघोळ करताना हाताला गाठ लागते. दुखत नाही, म्हणून बाई गप्प बसते. मग मुलीचं लग्न असतं, मग रमजान येतो, मग ईद होऊन जाते. नवऱ्याला सांगायची लाज वाटते, सासूला सांगायची भीती वाटते आणि पुरुष डॉक्टरसमोर कसं जायचं हा प्रश्न असतोच. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आजार काखेपर्यंत गेलेला असतो. अशी एक तरी खाला, भाभी किंवा शेजारीण आपल्यापैकी अनेकांना आठवेल. तिच्या मय्यतीला घर माणसांनी भरून गेलं. आजारपणात तिच्याजवळ बसायला मात्र कोणी नव्हतं, कारण त्या आजाराचं नाव घ्यायलाच सगळे कचरत होते.

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हा स्तनाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. लवकर सापडला तर हा आजार बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. म्हणून गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. ही चुप्पी मोडायला मोहल्ल्यातल्या चार-पाच बायका पुरेशा असतात. त्यांनी काय करायचं, कशी सुरुवात करायची, पैशाचं आणि कागदपत्रांचं काय, हे आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

मदतगटाचं काम काय?

डॉक्टर गाठ काढतात, केमोथेरपी आणि रेडिएशन देतात. पण घरी आल्यावरचे प्रश्न वेगळे असतात. केस गेले, आता मुलांसमोर कशी जाऊ? स्तन काढल्यावर नवरा काय म्हणेल? काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला सूज येते, सजद्यात भार दिला की दुखतं, मग काय करू? टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असते. बरं वाटायला लागल्यावर ती सोडली तर चालेल का? घरात एकीला कॅन्सर झाला म्हणून मुलीचं स्थळ मोडेल का?

यातले काही प्रश्न डॉक्टरांचे आहेत, काही फिजिओथेरपिस्टचे आणि काही फक्त त्याच वाटेने गेलेली दुसरी बाईच ऐकून घेऊ शकते. मदतगटाने तीन कामं करायची: ऐकून घेणं, योग्य माणसाकडे पाठवणं आणि सोबत जाणं. औषध सुचवणं, गोळी बंद करायला सांगणं, 'अमुक काढा घे' म्हणणं हे गटाचं काम नव्हे. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावा.

हा प्रयोग नवा नाही. अमेरिकेत १९५२ मध्ये टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं. आजारातून उठलेली बाई नव्या रुग्णाला जाऊन भेटते, एवढीच त्यामागची साधी कल्पना होती. ती पुढे जगभर पसरली. आपल्याकडे इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करते. आणि आपला स्वतःचा वारसा त्याहून जुना आहे. मदीनेत हजरत रुफैदा यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीजवळ होता आणि तिथे जखमींची शुश्रूषा होत असे. आजाऱ्याची विचारपूस करणं ही सुन्नत आहे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

पहिले सहा महिने: नोंदणी नको, बैठक हवी

बरेच लोक आधी नाव, लोगो आणि लेटरहेड ठरवतात आणि तिथेच थकतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी सहा महिने नुसत्या बैठका घ्या. चार जणींनी एकत्र बसून एकमेकींना धीर द्यायला कोणत्याही नोंदणीची गरज नसते.

सुरुवातीला किमान दोन अशा बायका हव्यात, ज्यांचा इलाज पूर्ण झाला आहे आणि ज्या मोकळेपणाने बोलू शकतात. त्यांच्या जोडीला एक नर्स, आशाताई किंवा लेडी डॉक्टर असावी. जागा निवडताना येणाऱ्या बाईला लपून यावं लागणार नाही असं बघा. मदरशाची खोली, उर्दू शाळेचा वर्ग, शादीखान्याचा छोटा हॉल चालतो. कुणाच्या घरी बैठक ठेवली तर पुरुष मंडळी त्या वेळेत बाहेर राहतील एवढं पाहावं. महिन्यातून एकदा, जोहरनंतर दोन तास, ही वेळ बहुतेक घरांना जमते. आठ ते बारा जणींपेक्षा जास्त गर्दी झाली तर दोन गट करा. मोठ्या सभेत कुणी मनातलं बोलत नाही.

काही नियम लेखी ठेवावेत:

- बैठकीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.
- परवानगीशिवाय फोटो नाही. पदर किंवा नकाब घेतला असेल तरीही नाही.
- कुणाच्या आजाराची दुसरीच्या आजाराशी तुलना नाही. प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.
- 'ही गुनाहांची सजा आहे' असं कोणी बोललं तर तिथेच थांबवायचं.
- व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरगुती इलाजाचे मेसेज फॉरवर्ड करायचे नाहीत. बैठकीची तारीख, वेळ आणि गरज एवढंच टाकायचं.

एक गोष्ट आधीच मनाशी तयार ठेवा. गटातली एखादी सोबतीण जगणार नाही. त्या महिन्याची बैठक रद्द करू नका. तिच्यासाठी दुआ करा, रडा, आणि ज्यांचा इलाज चालू आहे त्यांच्याशी वेगळं बोला. त्या दिवशी सर्वांत जास्त त्याच घाबरलेल्या असतात.

घरातल्या पुरुषांसाठीही काहीतरी हवं. पत्नीच्या केमोच्या फेऱ्या करणारा नवरा, आईला घेऊन जाणारा मुलगा यांनाही बोलायला जागा लागते. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांची वेगळी बैठक मशिदीजवळ घेता येईल. शंभरात जवळपास एक रुग्ण पुरुष असतो, हेही तिथे सांगावं. छातीतल्या गाठीकडे पुरुष अजिबात लक्ष देत नाहीत.

दीनचे प्रश्न

आपल्या घरांतले काही प्रश्न इतर मदतगटांत विचारले जात नाहीत. केमो चालू असताना रोजा ठेवू का? ड्रेसिंगवर वुजू कसा करायचा? इद्दतमध्ये आहे, रेडिएशनला जाऊ का? यांची उत्तरं नसल्यामुळे इलाज मध्येच थांबतो, म्हणून ती मिळायलाच हवीत.

सूरह अल-बकराहमध्ये आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत स्पष्ट आहे. बरं झाल्यावर कजा करायची, आणि ते कधीच शक्य नसेल तर फिदया द्यायचा. जखमेला पाणी चालत नसेल तर पट्टीवर मसह आणि गरजेप्रमाणे तयम्मुम आहे. इद्दतमधल्या बाईलाही इलाजासाठी बाहेर पडायची मुभा उलमा देतात. तपशिलात हनफी आणि शाफई मसलकांत फरक असू शकतो. कोकणात शाफई जमाती मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे वर्षातून एक बैठक एखाद्या आलिमाबरोबर ठेवावी आणि शेजारी डॉक्टरही बसवावा. रोजा झेपेल की नाही हे डॉक्टर सांगेल, मसला आलिमा सांगेल.

लेडी डॉक्टरचाही प्रश्न येतो. आपल्या तालुक्यात तपासणीसाठी कोणत्या महिला डॉक्टर आहेत, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीला कुठे महिला टेक्निशियन आहे, याची यादी गटाने करून ठेवावी. लेडी डॉक्टर मिळत नसेल तर वाट बघत बसू नये. गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्याची परवानगी शरीअतमध्ये आहे.

इलाजाचा खर्च: गटाने माहीत ठेवायच्या गोष्टी

पैसे वाटण्यापेक्षा योजनांचे कागद पूर्ण करून देणं ही अनेकदा मोठी मदत ठरते.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात. संलग्न रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही, इथेच आपली बरीच प्रकरणं अडकतात. लग्नानंतर बदललेलं नाव, 'बी', 'बेगम', 'बानो' यांतला फरक, जन्मतारखेची चूक, हे आजार आला की सापडतं. गटातल्या एका शिकलेल्या मुलीने हे काम अंगावर घ्यावं.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावं.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून जाणाऱ्यांचा राहण्याचा प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांसाठी अनेक वर्षं आधार ठरली आहे. अशा जागांची माहिती गटाकडे हवी.

नोंदणी कधी आणि कशी?

लोकांकडून पैसे घ्यायची वेळ आली की नोंदणी करा. त्याआधी चंदा गोळा करू नका. तात्पुरती वर्गणी घ्यायची तरी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१क खाली परवानगी लागते.

महाराष्ट्रात तीन मार्ग आहेत. पहिला, विश्वस्त संस्था म्हणजे ट्रस्ट: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात. दुसरा, सोसायटी: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, किमान सात सभासद लागतात आणि आपल्या राज्यात तिची सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद होते. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. मोहल्ल्याच्या पातळीवर काम करणाऱ्या गटाला पहिले दोन मार्ग सोपे पडतात. सात जणींमध्ये निम्म्याहून जास्त आजार अनुभवलेल्या बायका असाव्यात. सगळी पदं एकाच घरात गेली की लोकांचा विश्वास जातो.

उद्दिष्टं लिहिताना एक चूक हमखास होते. 'फक्त मुस्लिम महिलांसाठी' असं लिहिलं तर संस्थेची करसवलत आणि देणगीदाराला मिळणारी ८०जी सवलत दोन्ही अडचणीत येतात, कारण एकाच धर्माच्या समाजासाठी असलेल्या धर्मादाय संस्थेला ती मिळत नाही. 'जात-धर्माचा भेद न करता स्तनाच्या कॅन्सरने बाधित व्यक्ती आणि कुटुंबांना मदत' असं लिहा आणि तसंच वागा. दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसलेली बाई कोणत्याही धर्माची असो, तिची भीती आपल्यासारखीच असते.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं आणि दोन सह्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ८०जी सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या. दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आखाती देशांत राहणाऱ्या नातेवाइकांकडून मदत येऊ शकते. देणारा भारतीय पासपोर्टधारक असला तर प्रश्न कमी; परदेशी नागरिक किंवा परदेशी संस्था असली तर एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

जकात आणि इमदाद वेगळी ठेवा

रमजानमध्ये लोक जकात देतील. जकातीचे हकदार कोण ते कुरआनने ठरवून दिलं आहे. बहुतेक उलमांच्या मते ती रक्कम गरजू रुग्णाच्या मालकीत जायला हवी. हॉलचं भाडं, पत्रकं, चहा-बिस्किटं यांवर ती खर्च करता येत नाही. म्हणून दोन वह्या, शक्यतो दोन खाती ठेवा: एक जकात, दुसरी सदका आणि इमदाद. देणाऱ्याला पावतीवर विचारून नोंद करा. वर्षाच्या शेवटी किती जणींना किती मदत झाली ते नावं न लिहिता मशिदीच्या फलकावर लावा.

गाठ लवकर सापडावी म्हणून

टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक महिलांवर २० वर्षं एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नसताना, प्रशिक्षित बाईच्या हाताने हे घडलं. आपल्या गटाने वर्षातून एक अशी तपासणी आरोग्य केंद्राच्या मदतीने ठेवावी. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो हा समज खोटा आहे, बायोप्सीशिवाय इलाज सुरूच होत नाही, हे पुन्हापुन्हा सांगावं.

सुरुवात लहान असू द्या. येत्या जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांना एवढीच विनंती करा की त्यांनी या आजाराचं नाव मिंबरजवळून घ्यावं आणि बैठकीची जागा व वेळ सांगावी. ती घोषणा ऐकून घरी गेलेला एखादा नवरा किंवा मुलगा त्या रात्री विचारेल, 'तुला काही त्रास तर नाही ना?' कदाचित कुणाच्या तरी गाठीची गोष्ट त्याच रात्री पहिल्यांदा बोलली जाईल.