भूमिकाखेळ : नव्या नियमपद्धतीतील मोहीम

टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन, संवादांतून कथा घडवण्याचा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) तो रूढ केला. सूत्रधार प्रसंग मांडतो, खेळाडू कृती सांगतात, निकाल फासे देतात. अनेक बैठका चालणारी सलग कथा म्हणजे मोहीम.

नियमपद्धती बदलली की फाशांचा अर्थ बदलतो. समजा, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेला पूर आला आहे आणि पात्राला पोहून काठ गाठायचा आहे. ‘डन्जन्स’मध्ये वीस बाजूंच्या फाशावर मोठा आकडा हवा, ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या दुसऱ्या भूमिकाखेळात शंभरापैकी पोहण्याच्या कौशल्याइतका किंवा त्याहून लहान. म्हणून नव्या पद्धतीत सूत्रधाराने आधी एका बैठकीची छोटी कथा खेळवावी. नियम अंगवळणी पडले की मोहीम रंगते.